सर्बियन लग्नाला वऱ्हाडी म्हणून जाताना

सर्बियन भाषेत घरी आलेल्या पाहुण्याला ‘गोस्त’ म्हणतात. मात्र तोच पाहुणा लग्नाला आला की ‘स्वात’ होतो आणि असे सगळे मिळून ‘स्वातोवी’. मराठीत या शब्दासाठी ‘वऱ्हाडी’ आणि ‘वऱ्हाड’ असे नेमके प्रतिशब्द आहेत, त्यामुळे आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पाहुणा खुर्चीत बसून सोहळा पाहतो, तर वऱ्हाडी वराच्या घरून निघतो, वधूच्या दारात उभा राहतो, चर्चमध्ये मागे थांबतो, पंगतीला बसतो आणि नाचाच्या साखळीत हात गुंफतो. बेलग्रेड, नोवी साद, निश किंवा शुमादिया भागातल्या एखाद्या खेड्यातून लग्नाचे आमंत्रण आले असेल, तर तयारीची सुरुवात हा फरक ध्यानात घेऊन करावी, कारण कपडे, पैसे, जेवण आणि वेळ यांविषयी पुढे जे सांगायचे आहे ते बहुतेक त्यातूनच निघते.

प्रवासापूर्वीची कागदपत्रे आणि तारीख

भारतीय पासपोर्टवर सर्बियात व्हिसाशिवाय जाता येण्याची सोय १ जानेवारी २०२३ पासून बंद झाली आहे. आता नवी दिल्लीतील सर्बियन दूतावासाकडे अर्ज करावा लागतो. ज्यांच्याकडे शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा), ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्यांना १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. तरीही तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाचे ताजे नियम एकदा पाहून घ्यावेत. खासगी भेटीच्या अर्जासोबत यजमानांचे हमीपत्र लागते आणि ते सर्बियात प्रमाणित करून घ्यावे लागते. लग्नपत्रिका कितीही सुंदर छापलेली असली तरी तिने हे काम भागत नाही, त्यामुळे वधूवरांना या कागदाची आठवण निदान दोन महिने आधी करावी. लग्नाच्या धावपळीत त्यांना तो शेवटच्या आठवड्यात मागणे अन्यायाचे ठरेल. सर्बिया युरोपीय संघातही नाही आणि शेंगेन क्षेत्रातही नाही, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. व्हिएन्ना किंवा बुडापेस्ट पाहून सर्बियात जाण्याचा आणि पुन्हा तिकडूनच परतण्याचा बेत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासावे.

सर्बियात पोहोचल्यावर चोवीस तासांच्या आत परदेशी व्यक्तीची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलमध्ये उतरलात तर ते काम हॉटेल करते. वधूवरांच्या आत्याकडे किंवा मित्राच्या रिकाम्या घरात उतरलात, तर घरमालकाने ही नोंद करायची असते आणि तिच्या पावतीला तिथे ‘पांढरे कार्ड’ म्हणतात. यजमानांना स्वतःला या नियमाशी कधी काम पडलेले नसते, म्हणून तो त्यांच्या लक्षात नसण्याची शक्यता मोठी. संकोच न करता आपणच विषय काढावा आणि ते कार्ड परत निघेपर्यंत पासपोर्टमध्ये ठेवावे.

तारीख अजून ठरायची असेल आणि आपल्याला रजेची आखणी करायची असेल, तर चर्चचे उपवास माहीत असलेले बरे. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगाने चालते. ते आजच्या पंचांगाच्या तेरा दिवस मागे आहे आणि म्हणूनच तिथला नाताळ ७ जानेवारीला येतो. ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास, १४ ते २७ ऑगस्ट हा काळ आणि २८ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंतचे दिवस यांत चर्चमध्ये सहसा लग्ने लावत नाहीत. लग्नांची खरी गर्दी मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत असते, आणि वार बहुधा शनिवार किंवा रविवार. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कपडे निवडताना ‘युरोप म्हणजे थंडी’ हा समज बाजूला ठेवावा.

चलन दिनार आहे. एका युरोला साधारण ११७ दिनार, असा दर गेली अनेक वर्षे जवळजवळ स्थिर आहे. रुपये तिथे बदलून मिळतील यावर विसंबू नये; सोबत युरो न्यावेत आणि खर्चापुरते दिनार शहरात कुठेही दिसणाऱ्या चलन-बदल दुकानांत घ्यावेत. बेलग्रेडच्या निकोला टेस्ला विमानतळावर टॅक्सीसाठी आगमन कक्षात एक खिडकी आहे; तिथे आपण जायचे ठिकाण सांगितले की ठरलेल्या भाड्याची चिठ्ठी मिळते. बाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांसोबत जाऊ नये. गुंडाळून ठेवलेली साडी किंवा सूट हातातल्या सामानातच असू द्यावा, कारण बदली विमानात मोठी बॅग मागे राहिली तर ती बहुधा लग्न आटोपल्यावर पोहोचते.

नाती आधी शिकावीत

सर्बियन लग्नात कोण कोणाचा कोण हे कळले की निम्मा सोहळा आपोआप उलगडतो, आणि मराठी माणसाला हे काम वाटते त्याहून सोपे आहे. वराच्या भावाला सर्बियनमध्ये ‘देवेर’ म्हणतात: हा आपल्या दिराचा, संस्कृत ‘देवर’ शब्दाचा, सख्खा भाऊबंद आहे. सासू ‘स्वेकर्वा’ आणि सासरे ‘स्वेकार’. त्यामागे ‘श्वश्रू’ आणि ‘श्वशुर’ स्पष्ट ऐकू येतात. सून म्हणजे ‘स्नाहा’, आणि आपली ‘सून’ ज्या ‘स्नुषा’ शब्दातून आली तोच हा शब्द. हजारो वर्षांपूर्वी फाटे फुटलेल्या भाषांनी घरातली नाती मात्र जपून ठेवली, हे तिथल्या एखाद्या आजींना सांगून पाहावे; परक्या माणसाविषयीचा संकोच यापेक्षा लवकर दुसऱ्या कशाने जाईल असे मला वाटत नाही.

देवेर लग्नाच्या दिवशी वधूचा राखणदार असतो. तिला माहेरच्या दारातून बाहेर आणण्यापासून ती वराच्या हाती जाईपर्यंत तो तिच्यासोबत राहतो. मात्र सगळ्यांत मोठा मान ‘कूम’चा. तो लग्नाचा मुख्य साक्षीदार असतो आणि पुढे मुलांच्या बाप्तिस्म्यालाही बहुधा तोच किंवा त्याच्या घरातले कोणी उभे राहते. हे नाते दोन घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालते, रक्ताच्या नात्याइतके पवित्र मानले जाते, आणि ‘आकाशात देव आणि पृथ्वीवर कूम’ अशी म्हणच आहे. त्याच्या जोडीला दुसरा साक्षीदार ‘स्तारी स्वात’ असतो. समारंभात गोंधळल्यासारखे झाले, तर हे दोघे कुठे उभे आहेत ते पाहावे आणि त्यांच्या पुढे जाऊ नये. मुख्य टेबलावरच्या त्यांच्या जागा रिकाम्या दिसल्या तरी तिथे बसू नये, आणि ओळख करून दिली गेली की कूमचे वधूवरांइतकेच आवर्जून अभिनंदन करावे.

आदल्या दिवशी घरी गेल्यावर

यजमानांच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. कॉफीचे पाकीट, चॉकलेटांचा डबा किंवा एखादी बाटली, एवढे पुरते. फुले नेल्यास ती विषम संख्येत असावीत. सम संख्येची फुले अंत्यविधीसाठी असतात, आणि दुकानदाराला सांगितले नाही तर आपण सहज डझनभर उचलून नेऊ. दारात बूट काढावेत. घरात घालायच्या सपाता बहुधा तयार असतात. भेटताना गालाला गाल लावून तीनदा चुंबन देण्याची रीत आहे. ते जमणार नसेल तर नजरेला नजर देऊन घट्ट हात मिळवावा. अर्धवट पुढे होऊन मागे सरकण्यापेक्षा ते दोघांनाही सोयीचे पडते.

जुन्या वळणाच्या घरात बसल्यावर थोड्याच वेळात एक ताट समोर येते. त्यात काचेच्या भांड्यात ‘स्लात्को’ असते, म्हणजे चेरी, आलुबुखार किंवा रानस्ट्रॉबेरीची अख्खी फळे घट्ट पाकात शिजवून केलेला मुरांबा. शेजारी चमचे आणि पाण्याचे पेले. नवा माणूस इथे हमखास अडखळतो आणि ते भांडे आपल्याच पुढ्यात ओढतो. करायचे एवढेच की स्वच्छ चमचा घ्यावा, एक चमचाभर स्लात्को खावे, त्यावर पाणी प्यावे आणि वापरलेला चमचा पेल्यात ठेवावा. दुसऱ्यांदा त्याच भांड्यात चमचा घालू नये. मग कॉफी येते, ‘राकिया’ म्हणजे फळांपासून गाळलेली दारू येते आणि गप्पा सुरू होतात. बाहेर उकडत असले तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडण्याचा आग्रह धरू नये. आरपार वाहणाऱ्या वाऱ्याने, म्हणजे ‘प्रोमाया’ने, माणूस आजारी पडतो ही तिथली पक्की समजूत आहे आणि आजी ती खिडकी उठून बंद करतील.

१९९९ चे नाटोचे बॉम्बहल्ले आणि कोसोव्हो (सर्बियापासून वेगळा झालेला, पण सर्बिया आपलाच मानतो तो प्रदेश) हे विषय आपणहून काढू नयेत. यजमानांनी काढले तर ऐकून घ्यावे. त्यांच्यासाठी त्या बातम्या नाहीत, घरातल्या आठवणी आहेत.

लग्नाचा दिवस

पारंपरिक लग्नात वऱ्हाड सकाळीच वराच्या घरी जमते. दारात मुली परडी घेऊन उभ्या असतात. त्यात रोझमेरीच्या लहान लहान डहाळ्या असतात, प्रत्येकीला फीत बांधलेली. मुलगी आपल्या कोटावर किंवा पदरावर डहाळी टाचणीने लावते आणि आपण परडीत नोट ठेवायची. हे तिकीट नव्हे, की देणगीही नव्हे. ती डहाळी लागली की आपण वऱ्हाडात मोजले गेलो. म्हणून खिशात दोनशे, पाचशे दिनारांच्या सुट्या नोटा सकाळपासून असाव्यात. साडी नेसणाऱ्यांना पदरावर जाड पिन आधीच लावलेली असली तर डहाळी तिथे नीट बसते आणि रेशीमही फाटत नाही.

तिथून गाड्यांची रांग हॉर्न वाजवत वधूच्या घरी जाते आणि अनेकदा सोबत ट्रम्पेटवाल्यांचा ताफा असतो. खेड्यांत वधूच्या दारात एक जुनी अट पुरी करावी लागते. उंच झाडाच्या शेंड्याला किंवा बांबूला सफरचंद टांगलेले असते आणि वराने किंवा त्याच्या बाजूच्या माणसाने ते बंदुकीने पाडल्याशिवाय दार उघडत नाहीत. बंदूक खरीही असते. अशा वेळी चांगला फोटो मिळावा म्हणून पुढे किंवा कडेला जाऊ नये. नेमबाजाच्या मागे, घरच्या माणसांच्याही मागे उभे राहावे आणि लहान मुलांचा हात धरून ठेवावा. हवेत गोळीबार करणे कायद्याने गुन्हा आहे, तरी काही ठिकाणी तो होतो. कोणी बंदूक हातात देऊ केली, तर हसून आणि ठामपणे नाही म्हणावे.

सफरचंद पडले की दारात सौदा सुरू होतो. वधूचे भाऊ किंमत सांगतात, देवेर घासाघीस करतो. पुढे तो वधूला बूट घालायला जातो तेव्हा बूट ‘बसत नाही’ आणि त्यात नोटा घातल्या की बसतो. आपल्याकडची कानपिळी ज्याने पाहिली आहे, त्याला यातली गंमत आणि माया दोन्ही कळतात. बायकोची खरेदी म्हणून त्यावर टीका करण्याची ही जागा नाही. आपण मोठ्याने हसावे, देवेराला ‘अजून दे’ म्हणून चिडवावे. वऱ्हाड्याचे कामच ते.

चर्चमधला विधी पाऊण तासाच्या आसपास चालतो आणि बहुतेक चर्चमध्ये पाहुण्यांसाठी बाके नसतात, म्हणजे तेवढा वेळ उभे राहायचे. खांदे झाकलेले असावेत. उंच टाचांचा विचार आधीच करावा. वधूवरांच्या डोक्यावर मुकुट ठेवतात, दोघे एकाच पेल्यातून वाइन पितात, आणि हात कापडाने बांधून धर्मगुरू त्यांना ग्रंथाच्या चौरंगाभोवती तीन फेऱ्या घालायला लावतात. कूम आणि स्तारी स्वात मेणबत्त्या धरून मागे असतात. ऑर्थोडॉक्स नसलेल्याने क्रॉसची खूण करण्याची गरज नाही. शांतपणे उभे राहणे पुरते. फोटो काढण्याची परवानगी आहे का ते आधी विचारावे. बाहेर पडल्यावर मुले ‘कुमे, इझगोरे केसा!’ असे ओरडू लागतात, म्हणजे ‘कूम, तुझी थैली जळाली!’, आणि कूम मूठ मूठ नाणी उधळतो. कायदेशीर नोंदणी वेगळी असते. नगरपालिकेचा अधिकारी ती कधी कार्यालयात, कधी थेट हॉलमध्ये येऊन करतो.

वराच्या घरी पोहोचल्यावर वधूच्या हाती धान्याने भरलेली चाळणी देतात. ती धान्य उधळते आणि चाळणी छपरावर भिरकावते. मग एका लहान मुलाला तीनदा वर उचलते. हे प्रसंग पाच मिनिटांत आटोपतात, म्हणून पाणी प्यायला किंवा फोन करायला बाजूला जायचे असेल तर त्यानंतर जावे. अर्थात प्रत्येक लग्नात हे सगळे असेलच असे नाही. शहरातल्या अनेक लग्नांत थेट चर्च आणि तिथून हॉल, एवढेच असते. उत्तरेकडच्या व्होय्व्होदिना प्रांतात ट्रम्पेटऐवजी तांबुरा हे तिथले तंतुवाद्य वाजवणारे असतात आणि काही वेळा घोडागाडी. म्हणून यजमानांना आधीच दोन गोष्टी नेमक्या विचारून घ्याव्यात: आम्ही सकाळी कोणत्या घरी यायचे, आणि तिथून पुढे कोणाच्या गाडीत बसायचे. हॉलचा पत्ता तेवढा विचारून जो थेट संध्याकाळी पोहोचतो, त्याचा लग्नातला सर्वांत जिवंत भाग हुकतो.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचे

पंगत बहुधा दुपारी सुरू होते आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. आधी थंड पदार्थांची थाळी येते: वाळवलेले मांस, चीज, दुधाच्या साईपासून केलेला ‘कायमाक’, भाजलेल्या लाल मिरचीचा ‘आयवार’. मग सूप, मग कोबीच्या पानांत गुंडाळलेला ‘सार्मा’, मग मातीच्या मोठ्या हंड्यांत तासन्‌तास मांसासोबत शिजलेला लग्नाचा कोबी, आणि शेवटी डुकराचे किंवा कोकराचे भाजलेले मांस. पहिल्याच थाळीवर पोट भरू नये, कारण ती सुरुवात असते आणि पुढचे नाकारताना यजमानांना वाईट वाटते.

शाकाहाऱ्यांनी ‘पोस्नो’ हा शब्द पाठ करावा. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर खेड्यातली आचारीण गोंधळेल, पण ‘पोस्नो’ म्हणजे उपवासाचे. त्यात मांस, दूध, अंडे काहीच नसते, आणि ते कसे रांधायचे हे तिला आजीपासून माहीत असते. अडचण एकच, की उपवासाला अनेकदा मासा चालतो. म्हणून ‘ने येदेम मेसो नी रिबु’, म्हणजे ‘मी मांस आणि मासे खात नाही’, हे वाक्य सोबत जोडावे. चरबीत रांधण्याचीही जुनी पद्धत आहे, तेव्हा ‘ना उल्यु’, म्हणजे ‘तेलात केलेले’, असा शब्द टाकावा. ‘प्रेब्रानात्स’ हा कांद्यासोबत भट्टीत भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याचा पदार्थ तेलातला असला तर उत्तमच; काही ठिकाणी त्यात धुरावलेले मांस घालतात, म्हणून तेवढे विचारावे. हे सगळे निदान एक आठवडा आधी कळवावे. टेबलावर बसल्यावर सांगितले, तर ब्रेड आणि कोशिंबिरीवर रात्र काढावी लागेल आणि यजमान अपराधी वाटून अस्वस्थ होतील. दमेकऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: तिथल्या उपाहारगृहांत आणि हॉलमध्ये आत बसून सिगारेट ओढतात. दाराजवळची जागा आधीच मागून घ्यावी.

राकिया नाकारण्यालाही रीत आहे. आलुबुखाराची राकिया, म्हणजे ‘श्लिवोवित्सा’, बनवण्याची आणि पिण्याची परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. घरची बाटली पुढे करणारा माणूस आपल्या बागेतले वर्ष पुढे करत असतो. पीत असाल तर डोळ्यांत पाहून ‘झिवेली’ म्हणावे आणि घोट घोट घ्यावी, कारण ती चाळीस टक्क्यांहून कडक असू शकते. रिकामा झालेला पेला लगेच भरला जातो. नको असेल तर तो भरलेलाच ठेवावा. मुळीच पीत नसाल तर ‘ने पियेम’ म्हणून सरबताचा पेला उचलावा आणि त्याच पेल्याने ‘झिवेली’ म्हणावे. पेला न उचलता गप्प बसणे मात्र मनाला लागते.

पाकीट आणि नाच

आहेर रोख द्यायचा असतो, पाकिटात, वर नाव आणि शुभेच्छा लिहून. बहुतेक लोक युरो देतात. किती, यासाठी तिथे ‘खुर्ची झाकणे’ असा वाक्प्रचार आहे: आपल्या एका खुर्चीसाठी यजमानांनी हॉलवाल्याला जेवढे मोजले, तेवढे तरी पाकिटात असावे. तो आकडा गावागणिक बदलतो, म्हणून वधूवरांना न विचारता त्यांच्या एखाद्या मित्राला सरळ विचारावा. दुरून येणाऱ्याकडून कोणी हिशेब मागत नाही, पण रिकामे येणे बरे दिसत नाही. सोबत आपल्याकडची एखादी पैठणीची ओढणी किंवा पितळी समई नेली, तर ती पाकिटाच्या जोडीला द्यावी, त्याच्या ऐवजी नव्हे. वाजवणाऱ्यांसाठीही काही नोटा वेगळ्या ठेवाव्यात. ते टेबलाशी येऊन आपल्यासाठी वाजवतात तेव्हा अॅकॉर्डियनच्या भात्यात नोट खोचायची असते.

जेवणाच्या मध्येच ‘कोलो’ सुरू होतो. एकमेकांचे हात धरून केलेल्या साखळीचा हा नाच २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला आहे. साखळी उजवीकडे सरकते आणि उजव्या टोकाचा माणूस ती चालवतो. त्याच्या पुढे जाऊन हात धरू नये. ती जागा मानाची असते आणि पुष्कळदा तिच्यासाठी वाजवणाऱ्यांना पैसे दिलेले असतात. शेपटाच्या बाजूला जाऊन उभे राहावे, कोणीतरी हात सोडून आपल्याला आत घेतेच. आधी शेजाऱ्याच्या पायांकडे पाहावे: काही पावले उजवीकडे, जागच्या जागी तीन-तीन लहान ठेके, मग तसेच डावीकडे. चुकले तरी हात सोडू नयेत आणि थांबू नये, कारण थांबल्याने साखळी तुटते, चुकल्याने नाही. साडी घोट्याच्या जरा वर नेसावी, निऱ्या पिनेने पक्क्या कराव्यात आणि पदर कमरेला खोचावा. सपाट चपला पिशवीत असाव्यात.

रात्री कोणी वधूचा बूट पळवतो आणि कूमला तो पैसे मोजून सोडवावा लागतो; केक बहुधा फार उशिरा कापतात. त्यापूर्वी निघायचेच असेल तर वधूवरांना, दोन्ही आईवडिलांना आणि कूमला भेटून निघावे. परतीची गाडी दिवसाच ठरवून ठेवावी, कारण खेड्यातल्या हॉलबाहेर रात्री दोनला टॅक्सी मिळत नाही, आणि गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचे प्रमाण ०.२ प्रति हजारांपर्यंतच चालते, म्हणजे एका राकियानंतरही चालकाच्या जागेवर बसू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक १९४, पोलिसांचा १९२. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवावेत.